पंचांगाचं पान वाचायचं कसं

पंचांगात तिथीच्या नावापुढे एक वेळ छापलेली असते. बहुतेक जण नाव वाचतात आणि वेळ सोडून देतात. 'गणपती शुक्रवारी की शनिवारी' हा वाद तिथूनच सुरू होतो. ती वेळ तिथी लागण्याची नसते, संपण्याची असते. 'चतुर्थी १७:३७' याचा अर्थ: आज सूर्योदयाला चतुर्थी होती, ती संध्याकाळी ५ वाजून ३७ मिनिटांनी संपली आणि पंचमी लागली. नक्षत्र, योग, करण यांच्यापुढच्या वेळाही समाप्तीच्याच. आजची तिथी लागली कधी, हे आदल्या दिवसाच्या ओळीत असतं. म्हणून एक ओळ बघायची असेल तर दोन वाचा.

काही पंचांगांत '२५:१०' अशी वेळ दिसते. ती छपाईची चूक नाही. पंचांगाचा दिवस सूर्योदय ते सूर्योदय असतो, त्यामुळे मध्यरात्रीनंतरचा १ वाजून १० मिनिटांचा क्षण अजून आजच्याच ओळीत मोडतो. 'अहोरात्र' लिहिलं असेल तर ती तिथी किंवा ते नक्षत्र उद्याच्या सूर्योदयापर्यंत संपत नाही.

जुन्या पंचांगांत वेळा घटी-पळांत आहेत. एक घटी २४ मिनिटांची, एक पळ २४ सेकंदांचं, आणि मोजणी सूर्योदयापासून. समजा 'षष्ठी २८।१०' असं लिहिलंय आणि सूर्योदय ६:२० चा आहे. २८ घटी म्हणजे ६७२ मिनिटं, १० पळं म्हणजे ४ मिनिटं. एकूण ६७६ मिनिटं, म्हणजे ११ तास १६ मिनिटं. षष्ठी संपली संध्याकाळी ५:३६ ला. नेहमी होणारी चूक अशी की २८ हा आकडा मध्यरात्रीपासून मोजला जातो, किंवा सूर्योदय दुसऱ्याच गावाचा धरला जातो.

पाच अंगं येतात कुठून

पंचांग करायला आकाशातल्या दोनच गोष्टी लागतात: सूर्य राशिचक्रात किती अंशांवर आहे आणि चंद्र किती अंशांवर आहे. वार सोडला तर बाकी चारही अंगं (तिथी, नक्षत्र, योग, करण) या दोन आकड्यांतूनच निघतात. एकदा हाताने करून पाहिलं की पान कोरडं वाटत नाही.

समजा सूर्य ५२ अंशांवर आहे आणि चंद्र १३७ अंशांवर. चंद्रातून सूर्य वजा करा, उरले ८५. दर १२ अंशांना एक तिथी. ८५ ला १२ ने भागलं की ७ पूर्ण आणि बाकी १. सात तिथ्या होऊन गेल्या, आठवी चालू आहे, म्हणजे शुद्ध अष्टमी. तिचा १ अंश झाला, ११ उरले. चंद्र सूर्यापासून दिवसाला सरासरी १२.१९ अंश दूर जातो, म्हणजे अष्टमी संपायला अजून साधारण २१ तास ४० मिनिटं. वजाबाकी १८० च्या वर गेली की वद्य पक्ष. वजाबाकी उणे आली तर आधी ३६० मिळवायचे. हे विसरलं की उत्तर पार भलतीकडे जातं.

नक्षत्राला फक्त चंद्र लागतो. एक नक्षत्र १३ अंश २० कलांचं (६० कला म्हणजे एक अंश). १३७ ला १३.३३ ने भागा: १० पूर्ण, थोडं पुढे. अश्विनीपासून अकरावं नक्षत्र पूर्वा फाल्गुनी. दहाच्या पुढचा अपूर्णांक ०.२७ च्या आसपास आहे, म्हणजे पाव भाग ओलांडलाय, म्हणून दुसरा चरण (चरण म्हणजे नक्षत्राचा चौथा हिस्सा). योगासाठी दोघांची बेरीज करायची. १८९ ला त्याच १३.३३ ने भागलं की १४ पूर्ण, पंधरावा योग चालू: वज्र. (बेरीज ३६० च्या पुढे गेली तर ३६० काढून टाका.)

करण म्हणजे अर्धी तिथी, ६ अंशांची. महिन्यात ६० करणं, पण नावं ११ च. शुद्ध प्रतिपदेचा पूर्वार्ध किंस्तुघ्न. तिथून पुढे बव, बालव, कौलव, तैतिल, गर, वणिज, विष्टी या सात नावांच्या आठ फेऱ्या. शेवटी वद्य चतुर्दशीच्या उत्तरार्धात शकुनी, आणि अमावास्येला चतुष्पाद व नाग. आपल्या उदाहरणात ८५ भागिले ६, म्हणजे पंधरावं करण चालू. पहिलं किंस्तुघ्न बाजूला ठेवून बवपासून मोजा, चौदावं येतं विष्टी. राखी पौर्णिमेला आणि होळीला जिची धास्ती घेतात ती 'भद्रा' हीच. ती कुठूनतरी अचानक उपटत नाही: शुद्ध चतुर्थी आणि एकादशीचा उत्तरार्ध, अष्टमी आणि पौर्णिमेचा पूर्वार्ध, वद्य तृतीया आणि दशमीचा उत्तरार्ध, सप्तमी आणि चतुर्दशीचा पूर्वार्ध. राखीला भद्रा दर वर्षीच असते. बघायचं इतकंच, की पौर्णिमेचा तो पहिला अर्धा भाग आपल्या दिवसात पडतो की रात्रीच उरकतो.

वार तेवढा आकाशातून येत नाही, आणि घोळही त्याचाच जास्त होतो. बुधवारी पहाटे ३ ला जन्मलेल्या बाळाचा पंचांगातला वार मंगळवार.

क्षय आणि वृद्धी

तिथी घड्याळाचे २४ तास पाळत नाही. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे तो पृथ्वीजवळ असताना भरभर जातो, लांब असताना रेंगाळतो. त्यामुळे एक तिथी २० तासांतही आटोपते, तर एखादी जवळजवळ २७ तास चालते. दिवसाला नाव मात्र सूर्योदयाला असलेल्या तिथीचं मिळतं.

आता सूर्योदय ६:२० धरा. आज ६:३५ ला षष्ठी लागली आणि उद्या पहाटे ५:५० ला संपली. आजच्या सूर्योदयाला पंचमी होती, उद्याच्या सूर्योदयाला सप्तमी असेल. षष्ठीला सूर्योदयच मिळाला नाही, म्हणून तिचा क्षय. उलट पहाटे ५:५५ ला लागलेली तिथी २६ तास टिकली तर ती दुसऱ्या दिवशी ७:५५ पर्यंत जाते आणि दोन सूर्योदय घेते. कॅलेंडरवर तीच तिथी ओळीने दोन दिवस दिसते, ही वृद्धी. क्षय झाला म्हणजे तिथी झालीच नाही, असा समज आहे. ती पूर्ण होऊन गेलेली असते, सूर्योदय तेवढा तिच्या वाट्याला आलेला नसतो. षष्ठीचं श्राद्ध असेल तर ते बुडत नाही. ती ज्या दिवसाच्या अपराह्नात सापडते त्या दिवशी करतात.

सण कोणत्या दिवशी

इथे सूर्योदयाची तिथी बाजूला ठेवावी लागते. प्रत्येक व्रताची स्वतःची वेळ आहे, आणि त्या वेळेला तिथी हवी. गणेशचतुर्थी आणि रामनवमीला मध्याह्न, दसऱ्याला आणि श्राद्धाला अपराह्न, लक्ष्मीपूजनाला प्रदोष (सूर्यास्तानंतरचा काळ), संकष्टीला चंद्रोदय, गोकुळाष्टमीला आणि महाशिवरात्रीला मध्यरात्र. म्हणून पुष्कळदा संकष्टीच्या चौकोनात सूर्योदयाची तिथी 'तृतीया' दिसते. कॅलेंडर चुकलेलं नसतं. रात्री चंद्र उगवतो तेव्हा चतुर्थी लागलेली असते.

मध्याह्न म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळेचे पाच भाग करायचे: प्रातःकाळ, संगव, मध्याह्न, अपराह्न, सायाह्न. २०२४ ची गणेशचतुर्थी मुंबईसाठी करून पाहू. सूर्योदय ६:२५, सूर्यास्त ६:४७ च्या सुमारास. दिनमान ७४२ मिनिटं, एक भाग १४८ मिनिटांचा. तिसरा भाग ११:२२ ते १:५० असा आला. चतुर्थी लागली ६ सप्टेंबरला दुपारी ३:०१ ला आणि संपली ७ ला संध्याकाळी ५:३७ ला. ६ तारखेचा मध्याह्न चतुर्थीच्या आधीच संपला होता, ७ चा पूर्ण तिच्यात आहे. म्हणून गणपती ७ ला, शनिवारी.

तोच हिशोब न्यूयॉर्कसाठी करा. तिथी संपण्याचा क्षण साऱ्या जगात एकच असतो, फक्त तिथलं घड्याळ वेगळं असतं. सप्टेंबरात न्यूयॉर्क भारतापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. चतुर्थी तिथे ६ तारखेला पहाटे ५:३१ ला लागली आणि ७ ला सकाळी ८:०७ ला संपली. तिथला मध्याह्न चतुर्थीत मिळतो तो ६ ला, शुक्रवारी. परदेशातल्या मंडळींनी मुंबईचं कॅलेंडर भिंतीवर लावून त्यातली तारीख जशीच्या तशी घेतली की असा एक दिवस हुकतो. अ‍ॅप वापरत असाल तर सेटिंगमध्ये आधी आपलं गाव घाला.

भारतातही अंतर अगदीच नगण्य नाही. मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशात सव्वासहा अंशांचा फरक आहे. अंशाला ४ मिनिटं धरली तर २५ मिनिटं होतात. तिथीची समाप्ती दोन्हीकडे एकाच वेळी, पण सूर्योदय आणि चंद्रोदय नागपूरला साधारण तेवढे आधी. संकष्टीचा उपास नागपुरात मुंबईच्या चंद्रोदयावर सोडणं म्हणजे उगाच अर्धा तास जास्त उपाशी राहणं. बहुतेक छापील पंचांगांत गावोगावच्या फरकाचं कोष्टक असतं. ते पान शोधून तिथे कागदाची खूण घालून ठेवा.

२०२४ च्या लक्ष्मीपूजनाचा गोंधळ याच जातीचा. अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी ३:५२ ला लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी ६:१६ ला संपली. ३१ च्या प्रदोषात ती पूर्ण होती. १ तारखेला मुंबईचा सूर्यास्त ६:०५ च्या आसपास, म्हणजे प्रदोषाला दहाएक मिनिटंच ती शिवत होती. दोन्ही दिवशी प्रदोषाला अमावास्या सापडली तर दुसरा दिवस घ्यायचा, या नियमाने महाराष्ट्रातल्या पंचांगांनी १ नोव्हेंबर दिला, आणि उत्तरेत पुष्कळ ठिकाणी ३१ ऑक्टोबरला पूजन झालं. गणित दोघांचं एकच होतं. निर्णय कोणत्या नियमाने केला, इतकाच फरक.

एकादशी दोन का दिसतात, हेही असंच सुटतं. सूर्योदयाच्या आधीच्या चार घटी, म्हणजे ९६ मिनिटं, हा अरुणोदय. सूर्योदय ६:१० चा असेल तर अरुणोदय ४:३४ ला सुरू होतो. दशमी पहाटे ५ ला संपली, तर सूर्योदयाला एकादशी आहे म्हणून स्मार्त (भागवत संप्रदायाबाहेरचे सर्वसाधारण लोक) त्याच दिवशी धरतात. पण अरुणोदयात दशमी शिरली म्हणून भागवत संप्रदायाची एकादशी दुसऱ्या दिवशी. वारकऱ्यांनी 'भागवत' लिहिलेला दिवस धरायचा. पारणं, म्हणजे उपास सोडणं, द्वादशी संपायच्या आत. द्वादशी सकाळी लवकर संपणार असेल तर ते आदल्या रात्रीच बघून ठेवा, सकाळी उठून पंचांग उघडेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

महिना, आणि तेरावा महिना

महाराष्ट्रात, गुजरातेत आणि दक्षिणेत महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. शुद्ध पक्षात काही फरक पडत नाही. वद्य पक्षात उत्तरेचं नाव एक महिना पुढचं असतं. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमी, तीच त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी, दिवस तोच. हिंदी अ‍ॅपमधून श्राद्धतिथी उतरवून घेताना इथेच घात होतो. सेटिंगमध्ये 'अमांत' (अमावास्येला संपणारा महिना) आहे का, ते तपासा.

अमावास्या ते अमावास्या या काळात सूर्य ज्या राशीत प्रवेश करतो, त्यावरून महिन्याचं नाव ठरतं: मेषेत शिरला तर चैत्र, वृषभेत वैशाख, मिथुनेत ज्येष्ठ. बारा चांद्रमास ३५४ दिवसांत होतात आणि सूर्याला फेरीला ३६५ लागतात. दर वर्षी ११ दिवसांची तूट साठत जाते. साधारण साडेबत्तीस महिन्यांनी असा एक महिना येतो की सूर्य रास बदलतच नाही. तो अधिक.

२०२६ चा अधिक ज्येष्ठ याचं छान उदाहरण आहे. सूर्य १५ मे रोजी वृषभेत गेला. अमावास्या संपली १६ मेच्या मध्यरात्रीनंतर, दीडच्या सुमारास. पुढची अमावास्या संपली १५ जूनला सकाळी ८:२४ ला, आणि सूर्य मिथुनेत शिरला त्याच दिवशी दुपारी. काही तासांनी हुकलं! दोन अमावास्यांच्या मध्ये संक्रांत (सूर्याचा राशिबदल) नाही, म्हणून १७ मे ते १५ जून अधिक महिना. मिथुन संक्रांत पुढच्या महिन्यात पडली, तो निज, म्हणजे खरा ज्येष्ठ; वटपौर्णिमा निजातली. नेहमीचे सण अधिकात धरत नाहीत, त्यामुळे पुढचं सगळं सरकतं: गणेशचतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला.

याच्या उलट, एका चांद्रमासात दोन संक्रांती झाल्या तर क्षयमास. तो फार दुर्मीळ. १९६३-६४ मध्ये आणि नंतर १९८२-८३ मध्ये आला होता.

शक काढणं सोपं. गुढीपाडव्यानंतर इसवी सनातून ७८ वजा करा, पाडव्याच्या आधी असाल तर ७९. संवत्सराचं (साठ वर्षांच्या चक्रातल्या वर्षाचं) नाव हवं असेल तर शकात १२ मिळवून ६० ने भागा आणि उरलेली बाकी पहिल्या संवत्सरापासून, प्रभवापासून मोजा. शक १९४८ अधिक १२ म्हणजे १९६०, बाकी ४०, चाळिसावा संवत्सर पराभव. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय.

कॅलेंडरवर कोपऱ्यात छापलेली 'भारतीय सौर' तारीख मात्र यात मिसळू नका. ते १९५७ च्या २२ मार्चपासून लागू झालेलं सरकारी सौर कालगणनेचं दिनांकन. त्यातला चैत्र १ दर वर्षी २२ मार्चलाच (लीप वर्षी २१ ला) येतो. शक तोच आणि महिन्यांची नावंही तीच, त्यामुळे 'सौर श्रावण ५' म्हणजे श्रावण शुद्ध पंचमी असं वाटून नागपंचमी शोधणारे भेटतात. त्या तारखेचा चंद्राशी काही संबंध नाही.

मृग कोणाचा

रोजच्या ओळीतलं नक्षत्र चंद्राचं, ते दिवसाला एक बदलतं. शेतकरी ज्याला मृग लागला म्हणतो ते सूर्याचं नक्षत्र. सूर्य ७-८ जूनला मृगात शिरतो आणि प्रत्येक नक्षत्रात तेरा-चौदा दिवस राहतो. मग आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. ही यादी पंचांगात वेगळ्या जागी, वाहनांसकट (प्रत्येक नक्षत्राला जोडलेल्या प्राण्यासकट) दिलेली असते. बेडूक, म्हैस, कोल्हा ही वाहनं सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून ९ ने भागल्यावर उरणाऱ्या बाकीवरून ठरतात. त्यात ढग, वारा कुठेच येत नाही. पेरणीचा निर्णय ओलीवर आणि हवामान खात्याच्या अंदाजावर घ्यावा.

राहुकाळाचंही (दिवसातल्या अशुभ मानलेल्या वेळेचं) छापील कोष्टक आंधळेपणाने वापरू नये. शनिवारी ९ ते १०:३० हे सूर्योदय ६ ला आणि सूर्यास्त ६ ला धरून केलेलं आहे. पाळायचाच असेल तर दिनमानाचे आठ भाग करा. सोमवारी दुसरा, शनिवारी तिसरा, शुक्रवारी चौथा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, मंगळवारी सातवा, रविवारी आठवा. वरच्या मुंबईच्या दिनमानाने शनिवारचा राहुकाळ ९:३० ते ११:०३ निघतो.

दोन पंचांगांत फरक पडला तर

काही मिनिटांचा फरक असेल तर तो गावाचा किंवा गणिताच्या बारकाव्याचा, सोडून द्या. तिथीतच तासा-तासांचा फरक दिसला, तर एक पंचांग जुन्या सूर्यसिद्धान्ती ('सूर्यसिद्धान्त' या प्राचीन ग्रंथाच्या) गणिताने केलेलं असणार. प्रत्यक्ष आकाशाशी जुळणाऱ्या दृक् गणिताचा आग्रह महाराष्ट्रात गणिती केरोपंत छत्र्यांनी १८६५ पासून पंचांग काढून धरला. आज मराठी घरात येणारी बहुतेक पंचांगं दृक्‌च आहेत. ग्रहणाची वेळ जुळते का, ही सोपी कसोटी.

टिळक पंचांगाचं प्रकरण निराळं. त्याच्या तिथ्या इतरांसारख्याच असतात, पण राशिचक्राचा आरंभबिंदू सुमारे ४ अंशांनी वेगळा आहे. सूर्य दिवसाला अंशभर चालतो, म्हणून त्यांची मकरसंक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. संक्रांती सरकल्या की क्वचित अधिक महिनाही दुसराच ठरतो, आणि त्या वर्षी काही सण महिनाभर आधी किंवा नंतर येतात. अशा वर्षी घराण्यात जे पंचांग चालत आलंय तेच धरा. गणपती एकाचे आणि दिवाळी दुसऱ्याची असं करू नका.

जुन्या जन्मवेळेवरून तिथी काढायची असेल तर एक जास्तीची खबरदारी लागते. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात भारतातली घड्याळं एक तास पुढे होती, तेव्हा त्या काळातल्या नोंदीतून एक तास वजा करा. आणि मुंबईतली १९५५ च्या आधीची नोंद असेल तर ती 'मुंबई टाइम'मध्ये आहे की 'स्टँडर्ड टाइम'मध्ये, हे कागदावर शोधा. मुंबई टाइम ३९ मिनिटं मागे होता. तिथी संपायला अर्धा तास उरलेला असताना जन्म झाला असेल, तर या ३९ मिनिटांवर तिथी आणि कधी कधी नक्षत्राचा चरणही बदलू शकतो.